पाण्याखाली जीव घाबरला तर आधी श्वास सोडा

मी स्कूबा डायव्हिंग शिकवते. कोर्सला कोणी पट्टीचा पोहणारा आला की मी जरा सावध होते. ओपन वॉटर म्हणजे अगदी पहिल्या कोर्ससाठी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगत राहणं एवढं जमावं लागतं. जेमतेम तेवढं करणारा माणूस सांगितलेलं निमूट ऐकतो. विहिरीत सूर मारत वाढलेल्याचं तसं नसतं. छाती भरून हवा घ्यायची, दम कोंडायचा, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं, हेच त्याच्या अंगात मुरलेलं असतं. स्कूबात दम कोंडायलाच मनाई आहे. मी मालवणातल्या रापणकर मच्छीमारांच्या घरातली, आमच्याकडे पोरं चालण्याआधी पाण्यात, तरी इन्स्ट्रक्टर होताना ही सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पाण्याखाली घाबरलेल्या माणसाला वाटतं, हवा संपतेय. हवा पाठीवर बहुतेक वेळा भरपूर असते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा बाहेर काढली तर साधारण २,४०० लिटर भरेल. मग गुदमरल्यासारखं का होतं? भीतीने माणूस वरच्यावर, तुटक श्वास घेत सुटतो आणि पुरता सोडत नाही. शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि श्वासाची तगमग होते ती मुख्यतः त्याच्यामुळे. तगमग झाली की तो आणखी जोरात हवा ओढायला बघतो. छाती आधीच भरलेली, जाणार कुठे? म्हणून रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा देणारं तोंडातलं यंत्र, तोंडात असताना ‘हवा घे’ असं स्वतःला कधी सांगू नका. ‘सोड’ म्हणा. हूऽऽ करत, कानाशी बुडबुड्यांचा खळखळाट संपेपर्यंत सोडा. घेणं आपसूक होतं. घेताना मनात चार मोजलेत तर सोडताना सहा-सात मोजा, मध्ये कुठे अडवून धरू नका.

ह्याचा सराव घरी होतो, आणि तो करून आलेला विद्यार्थी मला पहिल्याच दिवशी ओळखू येतो. एक स्नॉर्केल घ्या, म्हणजे तोंडात धरून पाण्याबाहेरची हवा घ्यायची नळी. टेबलावर पाण्याचा टब ठेवा, समोर खुर्चीवर बसा, घरातलं कोणीतरी शेजारी असू द्या. आता मास्क, म्हणजे डोळे आणि नाक झाकणारा काचेचा चष्मा, न लावता चेहरा पाण्यात घाला आणि स्नॉर्केलमधून तोंडाने श्वास चालू ठेवा. नाकपुड्यांना पाणी लागलं की घसा आपोआप आवळतो. तो तुमचा भित्रेपणा नव्हे, शरीराची जन्मजात सवय आहे. डोकं वर काढावंसं वाटेल. काढा, पुन्हा घाला. नाक पाण्यात उघडं आणि श्वास मात्र तोंडाने, हे शरीराला पटायला काही संध्याकाळी जातात. रोज थोडा वेळ पुरे.

कारण कोर्समध्ये सगळ्यात जास्त लोक अडतात ते मास्कपाशी. सांगलीहून एक काका आले होते, बँकेतून निवृत्त, पुराच्या पाण्यात कृष्णा पार करून गेल्याचे किस्से सांगणारे. पोहण्याच्या तलावात मास्क काढायला सांगितला, आणि नाकात पाणी शिरताच काका हातपाय झाडत वर. डोळे विस्फारलेले, रेग्युलेटर थुंकलेला. मी त्यांना कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवलं. मास्कची वरची कड बोटाने किंचित उचलून आत चमचाभर पाणी घ्यायला लावलं, बस्स. ते पाणी नाकाशी डुचमळू दिलं आणि तोंडाने श्वास चालू ठेवायला सांगितलं. मग डोळ्यांच्या खालपर्यंत. मग डोळे बुडेपर्यंत. पाणी काढायची रीत सोपी आहे: वरची कड कपाळावर दाबून धरा, नजर वर करा, नाकाने सावकाश हवा सोडा. हवा वरून भरत जाते आणि पाणी खालच्या कडेने निघून जातं. काकांनी पूर्ण मास्क काढला तो थेट शेवटी. इन्स्ट्रक्टर घाई करत असेल तर त्याला स्पष्ट सांगा की मला हे पुन्हा करायचंय. पैसे मोजून शिकताय, लाजायचं कारण नाही. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाच्या (एमटीडीसीच्या) केंद्रात ८ मीटर खोल तलाव आहे तो ह्याचसाठी. समुद्रात शिकायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

समुद्रातली भीती बहुधा बोटीवरच सुरू होते. गळ्याशी आवळणारा वेटसूट, डुलणारी बोट, मळमळ, आणि ‘चला चला’ करणारे लोक. गळा आवळत असेल तर उडी मारायच्या आधी सूट बदलून मागा. मालवणचं पाणी अंदमानसारखं काचेचं नाही. पावसाळा संपता संपता तर कधी कधी हिरव्या धुक्यात गेल्यासारखं वाटतं, खाली तळ दिसत नाही आणि वर बोटही नाही. अशा वेळी नांगराच्या दोरीला हात लावून, पाय खाली ठेवून उतरा. मीटरभर खाली गेलात की नाक दाबून हलकेच फुंकर मारून कान मोकळे करा. दुखायच्या आधी करा. दुखलंच तर थोडं वर या. कान दुखत असताना रेटत खाली जाणारा माणूस हटकून घाबरतो.

आता तो क्षण. छाती धडधडतेय, अक्कल गहाण पडलीय. पहिलं काम, पाय मारणं थांबवा. दोरी धरा, नाहीतर इन्स्ट्रक्टरचा दंड. लांब श्वास सोडा. मग पंजा आडवा धरून हलवा, म्हणजे ‘काहीतरी बिघडलंय’ हे कळतं. अंगठा वर करू नका. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर जाऊया’ असा होतो आणि मी तुम्हाला वर नेईन. ठीक असल्याची खूण अंगठा आणि तर्जनीच्या गोलाची. ठसका लागला तर रेग्युलेटर तोंडातच ठेवून खोका, तो त्यातून खोकता येईल असाच बनवलेला असतो. तोंडात पाणी आलं असेल तर एक जोरदार फुंकर, किंवा फुंकरीपुरती हवाही नसेल तर रेग्युलेटरवरचं पर्जचं बटण दाबा, सिलिंडरची हवाच पाणी बाहेर ढकलते.

जे कधीच करायचं नाही ते म्हणजे दम कोंडून वर झेपावणं. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे भरलेली छाती वर येईतो दुप्पट व्हायला बघते. हवेला वाट नसेल तर फुफ्फुस फाटतं, आणि त्याला फार खोलीही लागत नाही, पोहण्याच्या तलावातही हे होऊ शकतं. वर यायचंच असेल तर इन्स्ट्रक्टरबरोबर, हळू, श्वास चालू ठेवून. वर आलात की आधी बीसीडीत, म्हणजे अंगातल्या तरंगवणाऱ्या जॅकेटात, हवा भरा आणि पाण्यावर टिकतोय ह्याची खात्री होईपर्यंत मास्क आणि रेग्युलेटर जागच्या जागी राहू द्या. वर पोचलो म्हणून दोन्ही भिरकावणारे लोक लाटेचं पाणी पितात आणि पुन्हा घाबरतात. तरंगणं जमत नसेल तर वजनाचा पट्टा सोडून द्या. पट्ट्याचे पैसे कोणी मागणार नाही, आणि मागितले तर द्या.

घाबरून वर आलात, मळमळ नाही, कान ठीक आहेत, मन तयार आहे, तर त्याच दिवशी पुन्हा दोन मीटरवर जाऊन नुसतं दोरी धरून बसा. मासे बघायची सक्ती नाही. मन तयार नसेल तर जाऊ नका. सोबतचे मित्र काय म्हणतील ह्यासाठी तर मुळीच नाही. डाइव्ह कुठल्याही क्षणी, कारण न सांगता थांबवायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि हा नियम मी पहिल्या तासाला शिकवते.

एक गोष्ट मात्र फॉर्म भरतानाच. दमा, हृदयाचा त्रास, पूर्वी येऊन गेलेले पॅनिक अटॅक, त्यासाठी चालू असलेली गोळी, ह्यांच्यापुढे ‘नाही’ लिहून सुटका करून घेऊ नका. ‘हो’ लिहिलंत तर डॉक्टरांची सही आणावी लागेल, एखादा दिवस जाईल. कधीकधी डॉक्टर नको म्हणतील. मग चिवला बीचवर स्नॉर्केल लावून तरंगा, तेही वाईट नाही.