दह्यातले जीवाणू जांभळे कसे रंगवावेत: क्रिस्टल व्हायोलेटने ग्रॅम स्टेनिंग

मिथाइल व्हायोलेट हे एका रंगाचं नाव नव्हे, ते रंगांचं कुटुंब आहे. रेणूवर मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) वाढतील तशी छटा निळसर होते. सहा गटांचा '१०बी' म्हणजेच क्रिस्टल व्हायोलेट. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये मांडलेली जीवाणू रंगवण्याची पद्धत प्रयोगशाळांत आज याच रंगावर चालते.

२ ग्रॅम क्रिस्टल व्हायोलेट २० मिली ९५ टक्के इथेनॉलमध्ये आणि ०.८ ग्रॅम अमोनियम ऑक्झलेट ८० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. दोन्ही एकत्र करून २४ तासांनी गाळा. गाळायचा कंटाळा नको, उरलेले कण मायक्रोस्कोपखाली हुबेहूब जीवाणू वाटतात. दुसऱ्या बाटलीत १ ग्रॅम आयोडीन आणि २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवून पाणी ३०० मिलीपर्यंत वाढवा.

ताज्या दह्याची निवळी काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात अगदी पातळ पसरा. हवेत वाळवून स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा झरकन फिरवा. शेजारी, त्याच पट्टीवर, गालाच्या आतल्या बाजूचा खरवडही असाच पसरून ठेवा. तो का, ते पुढे येईल.

दिवा विझवा, हातमोजे घाला. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाण्याने धुणे. आयोडीन १ मिनिट, पुन्हा धुणे.

आता खरी कसोटी. पट्टी तिरकी धरून ९५ टक्के अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडा. ओघळ रंगहीन झाला की, साधारण १०-१५ सेकंदांत, ताबडतोब पाणी. आयोडीनमुळे रंगाचे मोठे गठ्ठे बनलेले असतात. दह्यातल्या जीवाणूंची जाड भिंत अल्कोहोलने आक्रसते आणि हे गठ्ठे आतच अडकतात. ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे या पद्धतीत जांभळा रंग न धरणाऱ्या, जीवाणूंचं बाहेरचं स्निग्ध आवरण विरघळतं, भिंतही पातळ, म्हणून रंग निसटतो. पण पाच-दहा सेकंद जास्त झाले तर जाड भिंतही रंग सोडते.

शेवटी सॅफ्रानिन (जांभळा रंग गेलेल्या पेशींना गुलाबी करणारा रंग) १ मिनिट, धुणे, टिपणे. १०० एक्सच्या भिंगाखाली इमर्शन ऑइल (मायक्रोस्कोपचं खास तेल) घालून पाहा: जांभळ्या काड्या लॅक्टोबॅसिलसच्या, गोल कणांच्या माळा स्ट्रेप्टोकोकस गटातल्या.

गालाच्या पेशींची केंद्रकं गुलाबीच दिसायला हवीत. जांभळी दिसली तर अल्कोहोल कमी पडलं किंवा थर जाड झाला. दह्यातलं सगळंच गुलाबी असेल तर अल्कोहोल जास्त झालं, नाहीतर दही जुनं होतं: म्हाताऱ्या पेशींच्या भिंती रंग धरत नाहीत.