दवाखान्यात बीपी जास्त, घरी नॉर्मल? मग हे करा

इंदूरच्या सराफ्यातला गरम गराडू (तळलेला कंद), वरून जिरावन मसाला, त्यावर निंबू पिळलंय... तोंडाला पाणी सुटलं ना? समोर काहीच नाही, पण लाळ खरी आहे. म्हणून कोणाला "तुझ्या मनाचे खेळ" म्हणून झिडकारू नका.

आमच्या आईचं असंच होतं. रामबागेतून दवाखान्यात गेली, पट्टा बांधला की 160 च्या वर, घरी आली की 126. आधी मशीनला नावं ठेवली, मग आईलाच म्हणालो उगाच घाबरते, आणि याचं मला अजून वाईट वाटतं, कारण भीतीने अंगात अॅड्रेनलिन नावाचं हार्मोन सुटतं, नसा आवळतात, ठोके वाढतात, आकडा खरंच चढलेला असतो. याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात, म्हणजे डॉक्टरांचा पांढरा कोट बघून चढणारं बीपी.

तर घरी मोजायचं असं. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू बंद, लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही, आणि घरच्यांनीही "किती आलं किती आलं" करायचं नाही, आमच्याकडे सगळ्यात कठीण हेच गेलं! एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, सात दिवस. सगळं वहीत लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा वर असेल तर बीपी आहेच, मनावर ढकलू नका. खाली असेल तरी वही डॉक्टरांना दाखवा, अशा लोकांना पुढे कायमचं बीपी लागू शकतं. चालू गोळी मनाने बंद करायची नाही. आणि 180/120 च्या वर, सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय किंवा बोलणं अडखळतंय, तर वही राहू द्या, सरळ हॉस्पिटल.

गोळ्यांच्या त्रासालाही हीच वही लावा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या त्रासामुळे सोडलेल्या 60 लोकांवर ब्रिटनमध्ये प्रयोग झाला, 2020 मध्ये छापून आला. कधी महिनाभर खरी गोळी, कधी नकली (दिसायला तशीच, पण आत औषध नाही), कधी काहीच नाही, आणि रोज त्रासाला मार्क द्यायचे. खऱ्या गोळीने जेवढा त्रास, त्याच्या 90 टक्के नकलीनेही झाला! अंगदुखी खोटी नव्हती, पण बरीचशी गोळी बाधणार या धास्तीतून आलेली होती. स्वतःचे मार्क बघून त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली.

तुम्हीही रोज रात्री त्रासाला शंभरपैकी मार्क लिहा, झोप किती झाली तेही लिहा, आणि गोळी बदलायची का हे ते पान डॉक्टरांपुढे ठेवून विचारा. आईची वही आता मशीनच्याच डब्यात असते, दवाखान्यात जाताना अख्खा डबा नेतो.