चिंचोके, बोंडं आणि दहावीची शेवटची दोन प्रकरणं

दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात सहा प्रकरणं आहेत. संभाव्यता पाचवं, सांख्यिकी सहावं. शाळेत ती शिकवायची पाळी येते तेव्हा आमच्याकडे कापसाची वेचणी जोरात असते. सोमवारी वर्गात पंचवीस पोरं, मंगळवारी तीस, बुधवारीही तीसच, पण त्यातली निम्मी कालची नाहीत. कोणी आईसोबत वेचायला गेलेलं, कोणी धाकट्याला सांभाळत घरी राहिलेलं. मग ही प्रकरणं पाठांतरावर ढकलली जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अख्ख्या पुस्तकात हीच दोन अशी आहेत की जी वावरात, ओसरीवर, बाजारात बसूनही पक्की होतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात गणित शिकवते. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि २९ जूनला, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या जन्मदिवशी, देशात सांख्यिकी दिन असतो. तो मुहूर्त धरून मी पहिल्याच आठवड्यात सुरुवात करते आणि पुढे दर शनिवारी अर्धा तास देते. माझ्या पोरांकडून जसा सराव करून घेते तसाच इथे लिहिते. आधी हातानं मोजायचं आणि सूत्र मागून आणायचं, एवढं एकच पथ्य आहे.

चिंचोक्यापासून सुरू करा. चिंचोका फोडून दोन डाळी केल्या की प्रत्येक डाळीची आतली बाजू पांढरी, वरची काळपट. पट खेळायला आमच्याकडे हेच वापरतात. मी कितीतरी वर्षं वर्गात सांगत आले, की चिंचोका टाकला तर पांढरी बाजू वर येण्याची संभाव्यता १/२. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एक बाजू सपाट हाये अन् एक फुगीर. मंग दोन्ही सारख्याच कशा पडतीन?" उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आम्ही व्हरांड्यात बसून एकच डाळ २०० वेळा टाकली. पांढरी ११३ वेळा, काळी ८७ वेळा. योगायोग असेल म्हणून पुढच्या शनिवारी आणखी २०० वेळा टाकली. पांढरी ११७. म्हणजे ४०० पैकी २३०, गुणोत्तर ०.५७५.

टाकल्यावर जे जे पडू शकतं ती एकेक निष्पत्ती. त्या दिवशी 'समसंभाव्य निष्पत्ती' हा शब्द त्या वर्गाला कळला, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्यानं कळला. अनुकूल निष्पत्तींची संख्या भागिले एकूण निष्पत्तींची संख्या हे सूत्र सगळ्या निष्पत्ती सारख्याच शक्य असतील तेव्हाच चालतं. नाणं, फासा, नीट पिसलेले पत्ते यांना चालतं. चिंचोक्याला मोजूनच काढावं लागतं. तुमचा चिंचोका वेगळा आकडा देईल, म्हणून तुमचा तुम्हीच मोजा.

आता नाणं घ्या आणि वहीत तीन रकाने करा: कितवी फेक, आतापर्यंतचे छापे, गुणोत्तर. पहिल्या दहात सात छापे आले तर गुणोत्तर ०.७ लिहा आणि घाबरू नका. शंभरापर्यंत जाता जाता ते ०.५ च्या जवळ सरकताना दिसेल. जॉन केरिच हे गणितज्ञ दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवलं आणि ५,०६७ वेळा छापा आला. अगदी ५,००० नाही, पण गुणोत्तर ०.५०६७, म्हणजे अर्ध्याच्या किती जवळ ते बघा.

या रकान्यात आणखी एक गोष्ट शोधा. लागोपाठ चार-पाच काटे आलेत अशा जागांना खूण करा आणि त्यानंतरच्या फेकीत काय आलं ते मोजा. फेका भरपूर असल्या तर छापा जास्त वेळा आलेला दिसणार नाही, निम्म्याच्याच आसपास येईल. मागे काय पडलं ते नाण्याला ठाऊक नसतं. हे मी मुद्दाम करून घेते. आमच्या भागात सट्टापट्टी खेळणारा माणूस हमखास म्हणतो, "आठ दिवस झाले चव्वा नाही आला, आता येतेच." या हिशेबापायी वावर गहाण पडलेली घरं मी पाहिली आहेत. पोरानं शंभर फेका स्वतःच्या हातानं मोजलेल्या असल्या तर तो हिशेब कुठे चुकतो ते त्याला कळतं.

दोन नाण्यांना एक दोनचं आणि एक पाचचं घ्या. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींची यादी, लिहिताना बरीच पोरं तीनच निष्पत्ती लिहितात: दोन्ही छापे, दोन्ही काटे, एकेक. आणि 'एक छापा एक काटा' याची संभाव्यता १/३ काढतात. नाणी वेगळी असली की दोनवर छापा-पाचवर काटा आणि दोनवर काटा-पाचवर छापा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे डोळ्यांना दिसतं. निष्पत्ती चार, उत्तर २/४, म्हणजे १/२. तरी पटलं नाही तर शंभर वेळा टाका. तिसऱ्या हिश्शाइतकं येतं की निम्म्याइतकं, ते वहीच सांगेल.

दोन फाश्यांचंही तसंच. एका फाश्याला हळद लावा. मग पिवळ्यावर १ आणि पांढऱ्यावर ६, हे पिवळ्यावर ६ आणि पांढऱ्यावर १ याहून वेगळं दिसतं. जमिनीवर खडूनं सहा बाय सहाची चौकट आखा, ३६ घरं, प्रत्येक घरात बेरीज. सातची घरं एका तिरप्या ओळीत येतात, सहा. दोनचं एकच, बाराचं एकच. ही चौकट एकदा हातानं भरली की 'बेरीज निदान १०', 'बेरीज ३३' असले प्रश्न नुसते घरं मोजायचे राहतात. बेरीज ३३ चं एकही घर नाही, म्हणून संभाव्यता शून्य. परीक्षेत हा प्रश्न आला की पोरं बावरतात, पण शून्य हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे.

पत्त्यांची अडचण वेगळी आहे. आमच्याकडच्या कितीतरी मुलींनी पत्त्यांना कधी हात लावलेला नसतो, घरी लावूच देत नाहीत. "मॅडम, गुलाम म्हंजे चित्र का आकडा?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि त्यात त्या मुलीचा काहीच दोष नाही. लग्नसराईतल्या जुन्या पत्रिका घरोघरी पडलेल्या असतात. त्यांचे ५२ तुकडे कापा. बदाम आणि चौकट लाल, इस्पिक आणि किलवर काळे, प्रत्येकी १३. राजा, राणी, गुलाम हे चित्राचे, म्हणजे एकूण १२. एक्का चित्रात धरायचा नाही. स्वतःच्या हातानं बनवलेला संच कोणी विसरत नाही.

लीप वर्षात ५३ रविवार येण्याचा प्रश्न भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोडवा. ५२ आठवड्यांचे ३६४ दिवस, वर उरले दोन. ते रवि-सोम, सोम-मंगळ असे सात जोड्यांपैकी एक. रविवार त्यातल्या दोन जोड्यांत आहे, म्हणून २/७. साध्या वर्षात एकच दिवस उरतो, म्हणून १/७.

आता सांख्यिकी. इथे वावरात जा. कपाशीच्या दोन तासांतली, म्हणजे ओळींतली, मिळून ४० झाडं घ्या आणि प्रत्येकावरची बोंडं मोजून आकडा लिहा. निवडून चांगली झाडं घेऊ नका, रांगेत येतील तशी घ्या. एका वर्षी माझ्या पोरांनी मोजलं ते असं:

१० ते २० बोंडं: ४ झाडं
२० ते ३०: ९
३० ते ४०: १४
४० ते ५०: ८
५० ते ६०: ५

पहिला वाद इथेच होतो. बरोबर २० बोंडांचं झाड कुठे टाकायचं? २० ते ३० मध्ये. वरची मर्यादा नेहमी पुढच्या वर्गात जाते. परीक्षेत १०-१९, २०-२९ असे वर्ग दिले असतील आणि मध्यक (मधोमध येणारा आकडा) किंवा बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येणारा) विचारला असेल, तर आधी ९.५-१९.५, १९.५-२९.५ असे सलग करून घ्या, मग पुढे सरका.

मध्य, म्हणजे सरासरी, काढायला पुस्तकात तीन पद्धती आहेत. याच सारणीवर तिन्ही करून बघा, कारण उत्तर एकच आलं पाहिजे. सरळ पद्धतीत प्रत्येक वर्गाचा मधला आकडा, म्हणजे वर्गमध्य १५, २५, ३५, ४५, ५५ यांना वारंवारतेनं, म्हणजे झाडांच्या संख्येनं, गुणून बेरीज १४१०. भागिले ४०, मध्य ३५.२५. गृहीतमध्य, म्हणजे अंदाजानं धरलेला मध्य, ३५ धरला तर विचलनं, म्हणजे त्यापासूनचे फरक, वजा २०, वजा १०, ०, १०, २०. वारंवारतेनं गुणून बेरीज फक्त १०. भागिले ४० म्हणजे ०.२५, ते ३५ मध्ये मिळवा. मध्यप्रमाण विचलनात तीच विचलनं १० नं भागून घ्यायची, बेरीज १ येते. १/४० ला परत १० नं गुणायचं, पुन्हा ०.२५. हे शेवटचं गुणणं विसरण्यातच सगळ्यात जास्त गुण जातात. माझा सल्ला असा, की आकडे लहान असतील तर सरळ पद्धत बिनधास्त वापरा, मोठे असतील तर गृहीतमध्य. पद्धत प्रश्नातच सांगितली असेल तर मात्र तीच.

मध्यकाला संचित वारंवारता, म्हणजे झाडांची चढत जाणारी बेरीज, लिहा: ४, १३, २७, ३५, ४०. निम्मे म्हणजे २० वं झाड, ते ३० ते ४० या वर्गात पडतं. आता सूत्र बाजूला ठेवून विचार करा. त्या वर्गाच्या आधी १३ झाडं होऊन गेली, २० ला पोचायला आणखी ७ हवीत, आणि वर्गात आहेत १४. म्हणजे वर्गाच्या अर्ध्यात. वर्ग १० चा, अर्धं ५, मध्यक ३५. सूत्रात हेच लिहिलं आहे. जे पोर १३ च्या जागी २७ घालतं, त्याला मी विचारते, "आधी किती झाडं गेली?" तेवढ्यानं ते स्वतःच खोडतं.

बहुलकाचा वर्गही ३० ते ४० च. १४ मधून आधीचे ९ गेले, ५. दुप्पट १४ मधून ९ आणि ८ गेले, ११. ५/११ गुणिले १०, म्हणजे साधारण ४.५५, बहुलक ३४.५५. मध्य, मध्यक, बहुलक तिघंही ३५ च्या आसपास आलेत, म्हणजे आकडे ३५ च्या दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी सारखे पसरलेले आहेत.

पण तिघं नेहमीच जवळ येत नाहीत, आणि हे आमच्या पोरांना कळायलाच हवं. समजा पाच शेतकऱ्यांना एकरी ५, ६, ६, ७ आणि १ क्विंटल कापूस झाला. शेवटच्याचं वावर नाल्याकाठी, खरडून गेलेलं. मध्य ५, मध्यक ६. या पाच आकड्यांतून त्या एकाचं काय झालं ते मध्य सांगतो का? पीक विम्यात महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवरून सरासरी उत्पन्न काढतात आणि ते उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे ज्याखाली गेलं तर भरपाई मिळते त्या आकड्याशी, ताडून बघतात. मंडळाची सरासरी बरी आली की बुडालेल्या वावराचा मालक त्या आकड्यात दिसत नाही. माझ्या वर्गात असं वावर असलेल्या घरची पोरं बसतात. म्हणून मध्य काढून झाल्यावर मी त्यांना सगळे आकडे चढत्या क्रमानं लिहायला लावते, आणि सगळ्यात खालच्या आकड्याला गोल करून तो का आला हे एका ओळीत लिहायला लावते. याला परीक्षेत गुण नाहीत.

वेचणीला जाणाऱ्या पोरांसाठी सराव आणखी सोपा आहे. रोज किती किलो वेचला ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. वीस दिवसांचे वीस आकडे झाले की पाच-पाच किलोचे वर्ग पाडा, सारणी करा, आयतालेख काढा, त्यावरच वारंवारता बहुभुज, म्हणजे आयतांच्या माथ्यांचे मध्य जोडणारी रेषा. दोन बाजूंना शून्य वारंवारतेचे वर्ग घेऊन तो अक्षावर टेकवायला विसरू नका. आईचेही आकडे लिहिले तर तुलना करता येते.

पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. उत्तर लिहून झालं की दहा सेकंद थांबा. संभाव्यता १ पेक्षा मोठी किंवा ऋण आली असेल तर निष्पत्ती परत मोजा. मध्य सगळ्यात खालच्या वर्गाच्याही खाली किंवा सगळ्यात वरच्या वर्गाच्याही वर गेला असेल तर चिन्ह किंवा हिशेब चुकलाय. उत्तरापुढे बोंडं, किलो, रुपये, जे असेल ते लिहा.

चिंचोक्याचा डबा माझ्या टेबलावर असतो. शनिवारी तो कोणीतरी घरी नेतं आणि सोमवारी पन्नास फेकींच्या नोंदीसकट परत आणतं.