ओसीएल: नियमाचा कॉन्टेक्स्ट कसा ठरवावा

सदाशिव पेठेत फाटकावर 'येथे गाडी लावू नये' अशी पाटी दिसते. ती काढून टेबलावर ठेवली, तर 'येथे' म्हणजे कुठे? यूएमएल मॉडेल म्हणजे सॉफ्टवेअरच्या रचनेची आकृती; तिच्यावरच्या अटी ओसीएल (ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज) या भाषेत लिहितात. त्या नियमांचंही तसंच आहे. १९९७ पासून यूएमएलसोबत असलेल्या या भाषेत 'सेल्फ' म्हणजे पाटीवरचं 'येथे', आणि कॉन्टेक्स्ट म्हणजे ते फाटक.

उदाहरणाला मेसचं कार्ड घेऊ. महिन्याच्या ६० थाळ्या. (रविवारी संध्याकाळी मेस बंद, हे तूर्त विसरा.)

आधी नियम साध्या मराठीत लिहा: 'कार्डावरची शिल्लक शून्याखाली जाऊ नये.' हे कोणाबद्दल आहे? कार्डाबद्दल. मग:

कॉन्टेक्स्ट मेसकार्ड
इन्व्ह: सेल्फ.शिल्लक >= ०

'इन्व्ह' म्हणजे प्रत्येक कार्डाला कायम लागू असलेली अट. हाच नियम 'मेस' क्लासवरून (क्लास म्हणजे मॉडेलमधला वस्तूंचा एक प्रकार) लिहिता येतो, पण मग सगळ्या कार्डांवर 'फॉरऑल' फिरवावं लागतं, आणि कुठल्याच मेसला न जोडलेलं कार्ड तपासणीतून सुटतं.

उलट, 'एका मेसमध्ये दोन कार्डांचा क्रमांक सारखा नसावा' हा नियम कार्डावर टांगू नका. एकट्या कार्डाला शेजारच्या कार्डाचं काय ठाऊक? तो मेसवर शोभतो ('इजयुनिक' म्हणजे प्रत्येकाची किंमत वेगळी):

कॉन्टेक्स्ट मेस
इन्व्ह: सेल्फ.कार्डे->इजयुनिक(क्रमांक)

माझ्या अनुभवात निम्मी डोकेदुखी इथेच असते: ज्या क्लासची आकृती समोर उघडी, त्यालाच नियम चिकटवला जातो.

नियम एखाद्या क्रियेपुरता असेल, तर क्लासच्या नावापुढे दोनदा कोलन देऊन क्रियेचं नाव, तिचे पॅरामीटर (तिला द्यायच्या किमती) आणि त्यांचे प्रकार (इंटिजर म्हणजे पूर्णांक) लिहा:

कॉन्टेक्स्ट मेसकार्ड::जेवणनोंदव(थाळ्या: इंटिजर)
प्री: थाळ्या > ० अँड थाळ्या <= सेल्फ.शिल्लक
पोस्ट: सेल्फ.शिल्लक = सेल्फ.शिल्लक@प्री - थाळ्या

'प्री' म्हणजे क्रियेआधी खरी असायची अट, 'पोस्ट' म्हणजे क्रियेनंतर खरी ठरायची अट. '@प्री' म्हणजे क्रियेआधीची किंमत. ती फक्त 'पोस्ट'मध्येच चालते.

सुरुवातीच्या किमतीसाठी कॉन्टेक्स्ट थेट गुणधर्माचा:

कॉन्टेक्स्ट मेसकार्ड::शिल्लक: इंटिजर
इनिट: ६०

टूलमध्ये हे सगळे शब्द आणि आकडे अर्थात रोमन लिपीतच टाइप करायचे. ब्रेमेन विद्यापीठाच्या 'यूज' या ओसीएल नियम तपासणाऱ्या टूलमध्ये एकाच मेसला दोन कार्डं जोडा, मुद्दाम दोघांना एकच क्रमांक द्या आणि मेसचा नियम खोटा ठरतो का ते पाहा.