पिकअपची चेक लाइट लागली? सेन्सर विकत घ्यायच्या आधी या चुका टाळा

जुन्या बीएस-४ डिझेल पिकअपवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की बहुतेक ठिकाणी एकच क्रम चालतो. स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा आणि कोडमध्ये ज्याचं नाव आलं तो सेन्सर बदलायचा. आठवड्यात दिवा पुन्हा हजर. कोड खराब पार्ट दाखवत नाही. कुठल्या सर्किटचं किंवा दाबाचं माप ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) पटलं नाही, एवढंच तो सांगतो.

आधी कोड पुसणं. कोडसोबत फ्रीझ फ्रेमही साठते: दोष आला तेव्हाचा आरपीएम, वेग, इंजिनचं तापमान. दोष थंड इंजिनावर येतो की चढावर भरल्या गाडीत, हे त्यावरून कळतं. कोड पुसला की हेही जातं, बॅटरीची वायर काढली तरी बऱ्याच गाड्यांत जातं. म्हणून आधी स्क्रीनचा फोटो काढा.

वायर न तपासता सेन्सर बदलणं. पी०११८ म्हणजे कूलंट तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. बहुधा तिथे कपलर सुटलेला असतो, पिन गंजलेली असते किंवा उंदरांनी वायर कुरतडलेली असते. चावी बंद करून सेन्सरचा दोन पिनांचा कपलर काढा, वायरच्या बाजूच्या दोन पिना बारीक तारेने जोडा आणि चावी ऑन करा. आता पी०११७ आला तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, सेन्सर गेलेला. पी०११८ तसाच राहिला तर नवा सेन्सर आणू नका, वायर कुठे तुटली ते शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

बॅटरी आणि अर्थिंगकडे दुर्लक्ष. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम आले तर सुरुवात इथूनच करा. उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. स्टार्टर मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं घासून पुन्हा कसा.

पी००८७ दिसला की थेट पंप उतरवणं. सगळ्यात महाग चूक हीच. या कोडचा अर्थ रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, दाब कमी. गाडी ओढत नाही, चढावर लिंप मोडला जाते, म्हणजे ईसीएम मुद्दाम ताकद कमी करतो. तपास स्वस्ताकडून महागाकडे न्या. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू ढिला करून पारदर्शक बाटलीत डिझेल घ्या. तळाशी पाणी दिसलं तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा. मग फिल्टर बदला आणि हातपंप कडक होईपर्यंत मारा. टाकीपासून पंपापर्यंतची नळी आणि क्लिपा पाहा. बारीक चिरेतून डिझेल गळत नाही, पण हवा आत ओढली जाते. तिथे थोडी पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे दिसतात. यानंतर इंजेक्टरची रिटर्न चाचणी: चारही रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि गाडी आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा खूप लवकर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. एवढं सगळं ठीक निघालं तरच रेलवरचा प्रेशर व्हॉल्व्ह, मीटरिंग युनिट (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) आणि शेवटी पंप.

इंजिन चालू असताना रेलचा किंवा इंजेक्टरचा पाइप कधीही ढिला करू नका. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत एकेक पाइप सोडून मिसिंग (नीट न पेटणारा सिलिंडर) शोधायची सवय असते, पण कॉमन रेलमध्ये आयडललाही शेकडो बारचा दाब असतो. ती बारीक धार कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावं लागतं.

ईजीआरला (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) पत्रा मारून बंद करणं. पी०४०१ आला की वाट बंद करायची, हा उपाय उलटा आहे. ईजीआरमधून वायूचा प्रवाह कमी पडतो हीच त्या कोडची तक्रार आहे. व्हॉल्व्ह उतरवून क्लीनरने काजळी काढा, इनटेकचं तोंडही साफ करा आणि नवं गॅस्केट टाका.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि फ्रीझ फ्रेममध्ये होती तशाच स्थितीत गाडी चालवा: दोष भरल्या गाडीत चढावर आला असेल तर माल भरून चढावरच. बरेच कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतात, त्यामुळे दिवा विझलेला असला तरी स्कॅनरवर पेंडिंग कोड (दोष दिसला, पण दिवा अजून लागला नाही असा कोड) नाही ना, हे पाहूनच गाडी ताब्यात घ्या.