जुन्या इनोव्हाचे पिवळे पडलेले हेडलाईट पुन्हा स्वच्छ कसे करावेत

२००५ साली भारतात आलेल्या पहिल्या पिढीच्या इनोव्हा आजही टूरच्या धंद्यात आणि मोठ्या कुटुंबांत भरवशाने धावत आहेत. इंजिन साथ देते, आसने शाबूत असतात, पण हेडलाईटच्या काचा मात्र पिवळट, धुकट झालेल्या दिसतात. या काचा पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकच्या असतात आणि उन्हातील अतिनील किरणांपासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून कारखान्यातच त्यांवर एक कठीण पारदर्शक थर दिलेला असतो. वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा हा थर आधी मरतो, त्याला बारीक चिरा पडतात, तो जागोजागी सोलवटतो आणि मग खालचे प्लास्टिक पिवळे पडू लागते. अशा काचेतून प्रकाश सरळ पुढे न जाता विखुरतो. त्यामुळे आपल्याला रस्ता नीट दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. पावसाळ्यात रात्री आंबा घाटासारख्या धुक्याच्या रस्त्यावर ही उणीव जिवावर बेतू शकते, म्हणून हे काम गाडीच्या शोभेसाठी नव्हे तर सुरक्षिततेसाठी करावे.

कामाला हात घालण्यापूर्वी दोष काचेच्या बाहेर आहे की आत, हे पाहावे. काच ओली करताच ती बरीचशी स्वच्छ दिसू लागली आणि वाळल्यावर पुन्हा धुकट झाली, तर दोष बाहेरच्या थरात आहे असे समजावे. तो घरच्या घरी दूर होतो. ओली करूनही फरक पडला नाही, आत पाण्याचे थेंब किंवा धूळ दिसली, अथवा आतला चकचकीत परावर्तक काळवंडलेला असला, तर बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही. तेथे हेडलाईट बदलणेच श्रेयस्कर.

काच शाम्पूच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि भोवतीचे बॉनेट, बंपर व फेंडर यांच्या कडांवर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत, कारण पॉलिश पेपरचा एक चुकार फटका रंगावर कायमचा ओरखडा पाडतो. पेट्रोल किंवा थिनरने काच पुसण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती कटाक्षाने टाळावी. या द्रावणांनी पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म तडे जातात आणि ते नंतर घासून निघत नाहीत.

घासण्यासाठी ओला चालणारा पॉलिश पेपर वापरावा. थर फारच खराब असेल तर ८०० नंबरपासून (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), एरवी १००० पासून सुरुवात करून पुढे १५००, २००० आणि ३००० असे जावे. बादलीतल्या पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून पेपर भिजवावा, शक्यतो रबरी ठोकळ्याला गुंडाळावा आणि काचेवर पाणी सतत मारत राहावे. सुरुवातीला निघणारे पाणी पिवळसर असते, ते मेलेल्या थराचे. जुना थर पूर्ण निघाला की ताकासारखे पांढरे पाणी येऊ लागते. हा बदल काचेच्या सर्व भागांत, विशेषतः उन्हाचा मारा सर्वाधिक बसणाऱ्या वरच्या वळणावर आणि कोपऱ्यांत, दिसेपर्यंत पहिला पेपर सोडू नये. या टप्प्यावर काच आधीपेक्षाही धुकट दिसते, त्याने घाबरून जाऊ नये. पहिल्या पेपरने आडवे घासले असेल तर दुसऱ्याने उभे घासावे. आडवे ओरखडे पूर्ण मिटले की नाही हे मग लगेच कळते. वरवर घाई करून पुढच्या नंबरवर गेल्यास राहिलेला ओरखडा शेवटपर्यंत राहतो आणि रात्री दिवा लावल्यावर नेमका उठून दिसतो. ३००० नंतर रबिंग कंपाउंड लावून स्पंजच्या पॅडने पॉलिश करावे. मशीन वापरल्यास वेग कमी ठेवावा, कारण एका जागी तापलेले प्लास्टिक मऊ पडते.

येथवर काच नव्यासारखी चमकते आणि बहुतेक जण, काही गॅरेजवालेही, येथेच थांबतात. माझ्या मते हे अर्धवट काम आहे. मूळ संरक्षक थर आपणच काढून टाकलेला असल्याने उघडे प्लास्टिक काही महिन्यांत पुन्हा पिवळे पडते. टूथपेस्टने घासून आणलेली चमकही याच कारणाने टिकत नाही. म्हणून अतिनील किरणांना रोखणारा क्लिअर कोट द्यायलाच हवा. हार्डनर (थर कठीण करणारे रसायन) मिसळलेला स्प्रे सर्वांत टिकाऊ असतो, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असल्याने तो मोकळ्या हवेत आणि योग्य फिल्टरचा मास्क लावूनच मारावा. ते शक्य नसेल तर कापडाने पुसून लावायचे हेडलाईटचे कोटिंग घ्यावे. काचेवर बोटांचा तेलकटपणा किंवा कंपाउंडचा अंश राहू देऊ नये. दमट हवेत थर दुधाळ होतो, म्हणून कोकणात आणि घाटमाथ्यावर हे काम पावसाळ्यात न काढता कोरड्या दिवसांत करावे, आणि डब्यावर सांगितलेला वाळण्याचा वेळ पूर्ण द्यावा.

हेडलाईट बदलायचेच ठरले तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, अन्यथा दोन्हीकडचा उजेड वेगवेगळा पडतो. स्वस्त नकली जोडीत परावर्तकाची घडण ढोबळ असल्याने प्रकाश चुकीच्या जागी फेकला जातो. त्यापेक्षा परावर्तक शाबूत असलेली वापरलेली मूळ जोडी घेऊन तिच्या काचा वरीलप्रमाणे स्वच्छ करणे मला अधिक पटते. बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. उजेड वाढावा म्हणून ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचा बल्ब घालू नये. त्याच्या उष्णतेने परावर्तक आणि वायरिंग दोन्ही जळतात.

शेवटी फोकस तपासावा. टायरमधील हवा बरोबर करून गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करावी. हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखून डिपर, म्हणजे हेडलाईटचा खालचा झोत, लावावा. प्रकाशाची वरची कड त्या रेषेच्या सुमारे ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. मागच्या रांगेत माणसे आणि सामान भरल्यावर गाडीचे नाक वर उठते, म्हणून ज्यांची गाडी नेहमी भरलेली असते त्यांनी हे जुळवणे तेवढाच भार ठेवून करावे.