जुनी ब्रिटिश डिझेल लोको चालू करताय? थांबा, आधी या चुका टाळा

आधी एक घोळ मिटवतो. मराठीत आपण रुळावरच्या अख्ख्या धुडालाही इंजिन म्हणतो आणि त्याच्या पोटातल्या डिझेल इंजिनालाही, त्यामुळे इथे बाहेरचं धूड म्हणजे लोको आणि आतलं ते इंजिन, एवढं धरून चला.

मी मूळचा पुण्याचा, लहानपण डिझेल शेडच्या अल्को लोकोंची चग-चग ऐकण्यात गेलं, आणि आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इथे शनिवारी एका हेरिटेज रेल्वेवर, म्हणजे हौशी लोकांनी जपलेल्या जुन्या लाइनवर, फुकट राबतो, म्हणजे कॉटन वेस्ट घेऊन ऑइल पुसतो, पाना शोधतो, चहा पितो आणि मधूनमधून खरं काम पण करतो. इथली माणसं स्टीमवर जीव टाकतात हे आपल्याला माहीत असतं, पण डिझेलवाल्यांचा वेडेपणा वेगळाच आहे. स्टीम काढून डिझेल आणायच्या १९५५ च्या मॉडर्नायझेशन प्लॅननंतर ब्रिटिश रेल्वेने ट्रायल म्हणून १७४ डिझेल लोकोंची ऑर्डर दिली, कंपन्या वेगळ्या, इंजिनं वेगळी, आणि ट्रायलचा निकाल लागायच्या आतच पुढच्या शेकडोंच्या ऑर्डरी सुटल्या. त्यातल्या कित्येक दहा-बारा वर्षांत भंगारात गेल्या. म्हणून आज जी वाचलीये ती प्रत्येक लोको थोडी नशिबाने वाचलेली आहे. आणि नशिबाने वाचलेली वस्तू आपण आपल्या हाताने कशी मारतो ते मी इतक्या वेळा बघितलंय की शेवटी लिहायला बसलो.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे, आवाज ऐकायची घाई.

"बॅटरी लाव, बटण दाब, बघू तरी"

ही सगळ्यात महागडी चूक. लोको पाच-सात वर्षं उघड्यावर उभी आहे, ग्रुपने वर्गणी काढून विकत घेतली, सगळे मोबाईल काढून उभे, आणि कोणीतरी म्हणतं बटण दाबून तर बघू. आता एक्झॉस्टच्या तोंडातून इतकी वर्षं पाऊस आत गेलाय, नाहीतर लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, सीलमधून कूलिंगचं पाणी झिरपलंय, आणि कुठल्यातरी एका सिलिंडरमध्ये पिस्टनच्या डोक्यावर पेलाभर पाणी बसलंय. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला जायला जागा नसते, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्याकडे मी यायच्या आधी हे झालं होतं, त्याचा वाकलेला रॉड अजून मेसरूमच्या खिडकीत ठेवलाय, नवीन आलेल्या प्रत्येकाला तो आधी दाखवतात आणि मगच चहा देतात.

मग करायचं काय? आधी इंजिन हाताने फिरवायचं. फ्लायव्हीलला बार लावून, दोन-तीन जणांनी, हळूहळू, पूर्ण दोन फेऱ्या, कारण फोर स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एक चक्र पूर्ण होतं. त्याआधी सिलिंडर हेडवरचे कॉक उघडायचे, नसतील तर इंजेक्टर काढायचे, म्हणजे आत पाणी असेल तर चिळकांडी बाहेर येते आणि तुम्हाला कळतं. कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. मग प्रायमिंग पंपाने ऑइल फिरवायचं, रॉकरची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांची, झाकणं काढून प्रत्येक रॉकरपर्यंत ऑइल पोचतंय का ते डोळ्याने बघायचं. बेअरिंग कोरडं असताना इंजिन चालू केलं तर पहिल्या काही सेकंदांतच व्हायचं ते नुकसान होऊन जातं, आवाज मात्र मस्त येतो.

बॅटरीचंही तसंच. ब्रिटिश डिझेल-इलेक्ट्रिक लोकोत बहुतेक वेळा वेगळा स्टार्टर नसतो, मेन जनरेटरलाच बॅटरीवर मोटरसारखं फिरवतात आणि तो इंजिन फिरवतो. बॅटरी अर्धमेली असेल तर इंजिन जेमतेम हलतं, करंट प्रचंड ओढला जातो, आणि लोक चार-चार वेळा बटण दाबत राहतात. कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचे मोठे स्विच, चिकटले की मग रडायचं. दोनदा झालं नाही तर सोडून द्या, बॅटरी नीट चार्ज करा, पुढच्या शनिवारी या.

ऑइल वाढलं तर खूश होऊ नका

ऑइल कमी झालं की सगळे घाबरतात, पण डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर नवखा माणूस म्हणतो वा, एक थेंबही जळत नाही! अरे बाबा, ऑइल स्वतःहून कसं वाढेल. एकतर डिझेल उतरतंय नाहीतर पाणी. डिझेल उतरलं की ऑइल पातळ होतं, बोटावर चोळून वास घेतला तरी कळतं, इंजेक्टर किंवा त्याच्या पाइपचा एखादा जोड सुटलेला असतो. पाणी असेल तर ऑइल ताकासारखं होतं, पण थोडंच पाणी असेल तर डोळ्याला दिसत नाही, त्याला सोपी युक्ती म्हणजे गरम पत्र्यावर एक थेंब टाका, पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो. डोळ्याला गॉगल लावून करा हे. आणि तरी दर काही महिन्यांनी सॅम्पल लॅबला पाठवाच, त्यात कुठला धातू किती झिजतोय ते कळतं, तांबं वाढलं तर बेअरिंगकडे बघायचं, असा हिशोब.

धुराचंही थोडक्यात सांगतो. थंड इंजिनाने सुरुवातीला पांढरा धूर सोडला तर घाबरायचं कारण नाही, न जळलेलं डिझेल असतं ते, पण इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर पाणी आत जातंय का ते शोधा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त, आधी एअर फिल्टर आणि टर्बो बघा, लगेच फ्युएल पंपाला हात घालू नका, लोकांना पंपच का छळायचा असतो देव जाणे.

थंडी

हे पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोक्यात येतच नाही, माझ्याही आलं नव्हतं. नोव्हेंबर ते मार्च इथे रात्री पारा शून्याखाली जातो, सिस्टिममध्ये साधं पाणी राहिलं तर बर्फ होऊन सिलिंडर हेड किंवा रेडिएटर फुटतो. पाणी काढताना मेन कॉक उघडला म्हणजे झालं असं नाही, खालच्या वळणांत, कॅब हीटरच्या पाइपात, पाणी राहतंच. सगळ्या कॉकची यादी करून लोकोतच लटकवून ठेवा. अँटिफ्रीझ घालणार असाल तर जुन्या सीलना आणि आतल्या धातूंना चालणारं आहे का ते आधी विचारा.

वीज, वेल्डिंग आणि आतलं पांढरं कापड

बंद लोकोच्या मोटर आणि जनरेटरच्या वाइंडिंगमध्ये दमट हवा आणि कार्बन ब्रशची पूड मिळून एक चिखल होतो. त्यावर लोड दिला की फ्लॅशओव्हर, म्हणजे आतल्या आत विजेची मोठी ठिणगी, आणि जनरेटर रिवाइंड करायचा खर्च ऐकला की माणूस वर्गणीचं पावती पुस्तक शोधायला लागतो. आधी व्हॅक्यूमने पूड ओढा. कॉम्प्रेसरची हवा मारून ती अजून आत ढकलू नका, ही फार कॉमन चूक आहे. मग हीटर लावून दोन-चार दिवस सुकवा, मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावा. आणि मेगर लावायच्या आधी इलेक्ट्रॉनिक कार्डं सुटी करा, नाहीतर लीकेज शोधता शोधता कार्डंच उडवाल.

वेल्डिंग करताना अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी शेजारी लावा. एकाने क्लॅम्प रुळाला लावला आणि वर बॉडीवर वेल्डिंग केलं, करंट गेला अॅक्सलच्या रोलर बेअरिंगमधून, बेअरिंगला खड्डे पडले. दिसायला काहीच नाही, सहा महिन्यांनी गरम व्हायला लागलं.

एक्झॉस्टच्या पाइपांना गुंडाळलेलं, कॅबच्या भिंतीत भरलेलं पांढरं-करडं कापड किंवा लगदा दिसला तर हात लावू नका. त्या काळात अॅस्बेस्टॉस सर्रास वापरायचे, ब्रिटनमध्ये निळं आणि तपकिरी १९८५ ला आणि पांढरं १९९९ ला बंद झालं. सर्व्हे करून घ्या, लायसन्सवाल्यांना बोलवा. इथे काटकसर करायची नाही.

लांबी भरून लोको वाचत नाही

गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरायची, घासायचं, झकास रंग मारायचा, फोटो टाकायचा. दोन पावसाळ्यांत फुगे येतात, आणि इथे तर बाराही महिने पावसाळा. ज्या लोकोंत बॉडीच भार पेलते तिथे हा प्रकार धोकादायक आहे. वेस्टर्न, म्हणजे ब्रिटिश रेल्वेच्या क्रमांकांत क्लास ५२ ही जात, हिच्या बांधणीत बाहेरचा पत्रा आणि आतला सांगाडा मिळून ताकद देतात, तिथे गंज कापून नवीन पत्रा जोडण्याला पर्याय नाही.

वेस्टर्नचा विषय निघालाच आहे तर स्पेअर पार्ट्सचं बोलू. वेस्टर्न १९६१ ते ६४ मध्ये ७४ बनल्या, डिझेल-हायड्रॉलिक, म्हणजे इंजिनाची ताकद विजेऐवजी तेलामार्फत चाकांना देणाऱ्या, प्रत्येकीत मेबॅखची दोन इंजिनं, मिळून २७०० हॉर्सपॉवर, आणि ट्रान्समिशन फॉइटचं. दिसायला माझ्या मते ब्रिटनमधली सगळ्यात देखणी डिझेल. पण बाकी रेल्वे इलेक्ट्रिक ट्रान्समिशनवर गेली, या वेगळ्या पडल्या, फेब्रुवारी १९७७ ला संपल्या आणि ७ उरल्या. हायमेक या दुसऱ्या डिझेल-हायड्रॉलिक जातीच्या १०१ पैकी ४ उरल्या. मेट्रोविकच्या क्लास २८ पैकी, जिच्या एका टोकाला तीन अॅक्सल आणि दुसऱ्याला दोन होते, २० पैकी फक्त डी ५७०५ उरली, तीही संशोधन विभागाने वापरायला घेतली म्हणून. बेबी डेल्टिक, म्हणजे पुढे येणाऱ्या डेल्टिकची धाकटी बहीण, दहाच्या दहा गेल्या. अशा लोकोच्या मागे लागताना आधी पार्ट्स कुठून आणणार ते ठरवा, लोको नंतर घ्या. पहिल्यांदाच करत असाल तर क्लास २०, ३७ किंवा यार्डात डबे हलवणाऱ्या ०८ शंटरसारखी घ्या. ३७ मूळच्या ३०९ होत्या, पार्ट्स आहेत, जाणकार आहेत, मॅन्युअल आहेत. प्रेम वेस्टर्नवर करा, लग्न ३७ शी, असं आमच्या शेडमधला एक जण म्हणतो, त्याचं स्वतःचं मात्र उलटं आहे.

डेल्टिक ही तर वेगळीच जात. १९६१-६२ मध्ये न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत २२ बनल्या, आणि मजा म्हणजे याच कारखान्यातून त्याआधी काही वर्षं आपल्या मुंबई-पुणे लाइनची डब्ल्यूसीएम-१ इलेक्ट्रिक लोको आली होती. डेल्टिकमध्ये नेपियरची दोन इंजिनं, प्रत्येकात त्रिकोणात मांडलेले १८ सिलिंडर आणि ३६ पिस्टन, एकेका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर. मिळून ३३०० हॉर्सपॉवर. सहा वाचल्या, शिवाय पहिला निळा प्रोटोटाइप. तिच्याबाबत सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोकांना आवाज ऐकवायचा म्हणून तासन्‌तास आयडलवर, म्हणजे लोड न देता नुसतं चालू, ठेवणं. आयडलवर ऑइल वर चढून एक्झॉस्टच्या ड्रममध्ये साठत जातं, मग लोड दिला की धुराचा डोंगर, कधीकधी चक्क आग. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, फिटर कपाळाला हात लावतो. बाकी लोकोंनाही आयडलिंग वाईटच, त्यात हेरिटेज लाइनवर स्पीड लिमिट ताशी २५ मैल, मोठ्या इंजिनाला तिथे घाम पण फुटत नाही, कार्बन साठतो. वर्षातून काही वेळा जड गाडी ओढायला द्या तिला.

रंग आणि नंबरातले घोळ

यावरून भांडणं होतात, खरी भांडणं. थोडक्यात क्रम असा, आधी हिरवा, त्यावर पुढे छोटा पिवळा चौकोन, १९६५-६६ पासून रेल ब्लू, १९६७ च्या आसपास अख्खं तोंड पिवळं, १९६८ ला स्टीम संपल्यावर नंबरापुढचा डी गेला, १९७३-७४ ला कॉम्प्युटरचे पाच आकडी नंबर आले. म्हणून हिरव्या रंगावर पाच आकडी नंबर टाकला की लगेच कोणीतरी हसतं. आणि लगेच दुसरा कोणीतरी ४०१०६ चं उदाहरण देतो, ब्रिटिश रेल्वेच्या नोकरीत ती कधी निळी झालीच नव्हती, हिरव्यावरच नवीन नंबर घेऊन फिरली. म्हणजे नियमापेक्षा त्या एका लोकोचा, त्या एका वर्षाचा फोटो शोधा.

नंबर बदलताना सरळ गणित करू नका. नवीन सिस्टिममध्ये ५५००० असा नंबर चालत नव्हता, म्हणून डी ९००० ची ५५०२२ झाली. क्लास ४० ची पहिली डी २०० तशीच ४०१२२ झाली, कारण तो नंबर जिला मिळायचा ती डी ३२२ आधीच अपघातात गेली होती. वेस्टर्नला तर नवीन नंबर लागलेच नाहीत, धातूच्या नंबरप्लेटी शेवटपर्यंत तशाच. १९७६ च्या जानेवारीत समोरच्या पेटीत हेडकोड, म्हणजे गाडीची ओळख सांगणारे आकडे-अक्षरं, दाखवायचं बंद झालं, तेव्हा बऱ्याच वेस्टर्न त्या पेटीत स्वतःचाच नंबर दाखवत फिरल्या. शेवटच्या काळातली वेस्टर्न करत असाल तर हे विसरू नका.

लोको वाचते, आठवण सांडते

क्लास ५० ला हूवर म्हणतात, का ते नव्या पोरांना माहीतच नसतं. तिच्या एअर फिल्टरच्या पंख्याचा आवाज हूवर कंपनीच्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा यायचा. १९७९ पासून डॉनकास्टरला त्यांची दुरुस्ती झाली तेव्हा ती सिस्टिमच काढून टाकली. नाव राहिलं, आवाज गेला. अठरा लोको जपल्यात आपण, पण हूवर म्हणावं असा आवाज आता जुन्या कॅसेटवरच.

तेव्हा ज्या दिवशी लोको ताब्यात येते त्या दिवसापासून रेकॉर्ड ठेवा. पार्ट काढायच्या आधी फोटो, वायरला टॅग, रंग खरवडताना खालच्या प्रत्येक थराचा फोटो, आतल्या दारावर कोणी खडूने काही लिहिलं असेल तर त्याचाही. आम्ही एका कपाटाचं दार घासून टाकलं, आत कुठल्यातरी फिटरने वीस वर्षांच्या फिल्टर बदलल्याच्या तारखा लिहिल्या होत्या. अर्ध्यात लक्षात आलं, तोवर १९७० चं दशक कॉटन वेस्टवर होतं.

आणि माणसांना विचारा. आमचे म्हातारे फिटर स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक इंजिनावर टेकवतात आणि सांगतात की चार नंबरचा इंजेक्टर टपकतोय. मी म्हटलं कसं कळलं, तर म्हणाले, "बाकीचे पाच बोलतायत, हा पुटपुटतोय." मी दोन वर्षं म्हणत होतो यांना एकदा कॅमेऱ्यासमोर बसवू, आणि दर शनिवारी काहीतरी दुसरंच निघायचं. गेल्या महिन्यात शेवटी बसवलं. ते तासभर बोलले, त्यातली चाळीस मिनिटं रेडिएटरचं पाणी कुठल्या क्रमाने काढायचं यावर, आणि आमच्या लटकवलेल्या यादीत दोन कॉक नव्हतेच म्हणे. पुढच्या शनिवारी ते दाखवणार आहेत, नोव्हेंबर लागायच्या आत.